चोर्ला घाट, सात युनिट आणि एक जादा पाटा

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

या वहीत आजवर वायरिंग, पाण्याची टाकी आणि प्लायवूडचेच हिशेब होते. आजपासून ब्रेकचं पान.

बेळगावहून गाद्यांचा फोम घेऊन परतत होतो. बिऱ्हाड, म्हणजे घर बसवून कॅम्पर केलेली आमची गाडी (नाव हिने ठेवलं, विंचवाचं असतं ते), पहिल्यांदाच भरल्या अंगाने घाट उतरत होतं. टाकी काठोकाठ, बॅटऱ्या बसलेल्या, कपाटं लागलेली. जांबोटी, कणकुंबीपर्यंत काही नाही. चोर्ल्याचा माथा सोडल्यावर गाडी तिसऱ्या गिअरवर आणि माझा पाय ब्रेकवर, नुसता टेकवलेला. आठ-दहा वळणं झाली असतील. हिने विचारलं, "काही करपतंय का हो?" मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा वास. थोड्या वेळाने ट्रक लांब गेला. वास आमच्याबरोबरच राहिला.

मग पेडल बदललं. आधी ते कडक होतं, पण दाबूनही गाडी ऐकेना. दोन वळणांनंतर उलट झालं. पेडल मऊ पडून निम्म्याच्या खाली गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर वर आलं. दुसरा गिअर टाकला. इंजिन बोंबललं, पण वेग मोडला. कडेला रुंद जागा दिसली तिथे कशीबशी उभी केली. डाव्या पुढच्या चाकातून धूर निघत होता.

एक मोटरसायकलवाला थांबला, बाटली उघडून चाकावर पाणी ओतायला निघाला. त्याचा हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होईल, तडकेलही. हँडब्रेकही ओढला नाही. ड्रम तापून फुगलेले असतात, निवताना आकसून लायनरला (आतल्या घासणाऱ्या थराला) धरून बसतात. पहिला गिअर टाकला आणि चाकांना पुढून जांभ्याचे दोन चिरे लावले. पन्नास मिनिटं तिथेच.

बाकीचा घाट दुसऱ्यात उतरलो. केरीला आल्यावर पातळ भाजी-पाव मागवला. चहाचा कप बशीत वाजत होता. हिने पाहिलं, बोलली काही नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

झोप लागेना, म्हणून पहाटे हिशेब मांडला. तीस वर्षं वीज खात्यात काढली, त्यामुळे माझे सगळे हिशेब युनिटवर येतात. गाडी अंदाजे ४३०० किलो, उतार ६०० मीटर धरला. गुणाकार केल्यावर अडीच कोटी ज्यूल, म्हणजे सात युनिट. दोन किलोवॅटचा गीझर साडेतीन तास चालवला तर जेवढी वीज खाईल तेवढी उष्णता. आणि घाट उतरायला लागतो अर्धा तास, म्हणजे सात गीझर एकदम चालू. त्यातला काही वाटा टायर आणि वारा घेतात, काही इंजिन घेतं. उरलेलं सगळं डिस्क आणि ड्रममध्ये जातं. मी तिसऱ्या गिअरवर राहून इंजिनला जवळजवळ रजाच दिली होती.

कालच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या होत्या, हे आता कळतंय. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून गुळगुळीत पडलेले असतात. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे फुगे झालेले असतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. आधी पहिलं झालं, मग दुसरं.

९ ऑक्टोबर, बुधवार

गाडी डिचोलीच्या मिस्त्रींकडे. हा माणूस २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचे टिपर सांभाळत होता. भरलेले टिपर उतारावरून जेटीला न्यायचे म्हणजे काय, हे त्याला विचारावं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "पात्राव, पांय ब्रेकार दवरून देंवतालो?" म्हणजे, मालक, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होता? खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

डावं पुढचं चाक जॅकवर उचललं. ब्रेक दाबून सोडला, चाक हाताने फिरेना. आता दोष ऑइलच्या दाबाचा की लोखंडाचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. ब्लीडिंगचा निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड, ढिला करायचा. चाक सुटलं तर दाब अडकलाय, म्हणजे आतून फुगलेला होज पाइप किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल ढकलणारा पंप). नाहीच सुटलं तर कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्कला चिमटणारा भाग. आमचं सुटलं नाही.

कॅलिपर उतरवला. खालची गाइड पिन गंजून भोकात रुतली होती, रबरी बूट फाटलेला. गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगणात आंब्याखाली उभी होती. गोव्याच्या पावसाला फाटका बूट म्हणजे उघडं दार. पिन सरकत नाही म्हणून कॅलिपर मोकळा होत नाही आणि आतला पॅड घासतच राहतो. आतला उरला ४ मिलिमीटर, बाहेरचा ९. दोन्हींचा पृष्ठभाग काचेसारखा. डिस्कवर निळे डाग पडले होते, पण जाडी त्यावर कोरलेल्या मर्यादेच्या वर भरली.

पिन नव्या, बूट नवे, पॅड दोन्ही बाजूंचे नवे. ग्रीसवरून थोडी वादावादी झाली. मिस्त्रींच्या डब्यातलं पिवळं ग्रीस बेअरिंगसाठी ठीक, पण ते रबराला लागलं की रबर फुगतं. सिलिकॉनचं छोटं पाकीट मी म्हापशाहून आणलं होतं. "इतक्यासाठी म्हापसा?" मिस्त्री हसले, पण लावलं तेच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ब्रेक ऑइल बदललं. जुनं ऑइल गुळाच्या चहासारखं निघालं. हे ऑइल हवेतली ओल पितं आणि ओल प्यायलं की लवकर उकळतं. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, ओल शिरल्यावर १४०. डॉट ४ चा कोरडा २३०, ओला १५५. आमच्या हवेत ओल्याचा आकडाच खरा मानावा. जिथे तांदळाच्या डब्यालाही बुरशी येते, तिथे ऑइल कोरडं किती दिवस राहणार? डॉट ४ भरलं. डॉट ५ मुद्दाम टाळलं. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. आकडा मोठा दिसला म्हणून ओतू नये.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा लांबच्या चाकापासून काढत आलो. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पोरगा पेडल मारतोय, मी निपलवर. गाडी चॅसीखाली (सांगाड्याखाली) स्टँड लावून पूर्ण उचललेली होती. पुढच्या निपलांतून जोरात पिचकारी आली. मागच्या दोन्हींतून मात्र धार बारीक. मिस्त्री म्हणाले, लांबचा पल्ला आहे, येतं असं. मला पटलं नाही, पण दुसरं कारणही सुचलं नाही. म्हणून फक्त लिहून ठेवतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. गॅरेजमध्ये पान्यांची पूजा. बिऱ्हाडाला झेंडूची माळ, चारही चाकांखाली लिंबू. मिस्त्रींच्या पोराने पाचवं लिंबू ब्रेक पेडलखाली ठेवलं होतं. ते काढलं. श्रद्धा आपल्या जागी, पेडलखालची जागा मोकळी हवी.

१३ ऑक्टोबर, रविवार

चाचणी. केरीहून चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत जाऊन तिथूनच माघारी. हातात अंतरावरून तापमान मोजणारी बंदूक. तिची एक मेख आहे. चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते. म्हणून डिस्कच्या मधल्या भागावर, जिथे पॅड घासत नाही, उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका दिला आणि प्रत्येक वेळी तिथेच नेम धरला. ड्रमची तऱ्हा निराळी. उष्णता आतून बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून त्याचा आकडा थांबल्याबरोबर एकदा आणि पाच मिनिटांनी परत घ्यायचा.

यावेळी शहाण्यासारखा उतरलो. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर, म्हणजे बरंचसं दुसऱ्यात. ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठामपणे दाबून दहा-पंधराने खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. तेवढ्या उसंतीत डिस्कला वारा मिळतो.

खाली आल्यावरचे आकडे: पुढचं डावं २३५, पुढचं उजवं २२८. मागचं डावं थांबताच ५८, पाच मिनिटांनी ६४. उजवं ५६ आणि ६१.

डावं-उजवं सारखं झालं, म्हणजे कॅलिपरचं काम चोख झालं. पेडल शेवटपर्यंत कडक. हिने वासाची तक्रार केली नाही. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, झालं की काम.

नाही झालं. मागचे ड्रम ६४? उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्राही तेवढा तापतो. आमच्या खात्यात याला एक ओळखीचं चित्र आहे. थ्री फेजचं कनेक्शन, आणि सगळा लोड एकाच फेजवर टाकलेला. ती एक वायर तापून इन्सुलेशन वितळतं, बाकीच्या दोन थंडगार. लोक वायर बदलतात, जाड घालतात. लोड कुणी वाटत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

साखळीजवळच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढे १५४०, मागे २७७०, एकूण ४३१०. आरसीवर परवानगी ४१०० ची. म्हणजे मी २१० किलोंनी जड आहे. घरी येऊन एकेक सामान आठवलं. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. हे शाळेत शिकलो होतो, टाकी बसवताना कसं आठवलं नाही? १९ मिलिमीटरच्या प्लायचा एक आठ बाय चारचा ताव पस्तीस किलोंच्या घरात, आणि मी ताव मोजलेच नव्हते. दोन ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून ११० किलो.

एक गोष्ट मात्र वजनकाट्यावरच डोक्यात बसली. जवळजवळ दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर आहे. थांबताना थोडं पुढे झुकतं, तरीही ज्या चाकांवर एवढा भार, ती ब्रेकचं काही कामच करत नाहीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मागचे ड्रम उघडले. लायनर जवळपास नवे, वर धुळीचा थर. व्हील सिलिंडर कोरडे, गळती नाही, पिस्टन हाताने सरकतात. अॅडजस्टर दोन-तीन दाते मागे होता, तो पुढे घेतला. पेडल थोडं वर आलं. गावातल्या उतारावर चार वेळा जोरात ब्रेक मारून मोजलं. पुढे १२०, मागे ४८. फरक पडला म्हणायला लाज वाटते.

२२ ते ३१ ऑक्टोबर

काम बंद. गॅरेजची पोरं नरकासुर बांधण्यात गुंतली. बांबू, गवत, वर्तमानपत्रं, आणि यंदा हात हलण्यासाठी वायपरची मोटर. ती जोडून द्यायला मीच गेलो. नरकासुराचा उजवा हात व्यवस्थित खालीवर झाला. चतुर्दशीला पहाटे जाळला. मोटर आधी काढून घेतली.

मधल्या दिवसांत बॅटऱ्या विकल्या आणि लिथियमच्या दोन घेतल्या, दोन्ही मिळून २६ किलो. खिसा त्याहून हलका झाला. वरचा फळ्यांचा पलंग मोडून अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पट्टे ताणले, तिथे आणखी साठेक किलो वाचले. टाकीत यापुढे ८० लिटरच.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज सापडलं. आणि माझ्याच हातचं निघालं.

दिवाळीच्या सुट्टीत एक शाळेची बस मिस्त्रींकडे कामाला आली होती. माझ्याच मॉडेलची, जवळजवळ त्याच वर्षाची. तिच्या मागच्या निपलमधून पोरगा हवा काढत होता आणि धार चांगली जाड येत होती. बस मात्र जमिनीवर, चाकांवर उभी होती. माझी १० तारखेला लटकत होती. ती नोंद आठवली. मी खाली घुसलो.

मागच्या आसाच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) वर चॅसीला एक वाल्व असतो. त्यातून एक दांडी निघून आसाला जोडलेली असते. गाडी भरली की चॅसी खाली बसते, दांडी वळते, वाल्वला कळतं की मागे वजन आहे आणि तो मागच्या ब्रेकला पूर्ण दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की चॅसी वर राहते आणि वाल्व मागचा दाब आखडता घेतो. नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरेल. लोड सेन्सिंग वाल्व म्हणतात त्याला. पण तो वजन मोजतच नाही. तो फक्त अंतर मोजतो.

मे महिन्यात बिऱ्हाड मागे बसत होतं, म्हणून मी कमानीत (मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला होता. मागची बाजू चार सेंटीमीटर उचलली गेली. या वहीत २१ मेच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "आता ऐटीत उभी राहते."

टेप घेऊन दोन्ही गाड्यांखाली मोजलं. आस ते चॅसी: शाळेची रिकामी बस १९ सेंटीमीटर. सामानाने भरलेलं माझं बिऱ्हाड २०.५. म्हणजे वाल्वच्या लेखी मी रिकाम्या बसपेक्षाही रिकामा. वाल्व इमानदार होता, त्याला मी खोटं मीटर लावून दिलं होतं. तीस वर्षं लोकांची मीटर तपासली, आणि हे.

मिस्त्रींना बोलावून खाली झोपवलं. त्यांनी दांडी हाताने वर उचलून धरली, पोराने पेडल मारलं, निपलमधून ऑइल माझ्या शर्टावर. ते खालूनच म्हणाले, "हें ब्रेकाचें काम न्हय, पात्राव. पाट्याचें."

६ नोव्हेंबर, बुधवार

उपाय तीन निघाले. पहिला मिस्त्रींचा जुना, टिपरवरचा: दांडी तारेने वर बांधून टाकायची, मागे कायम पूर्ण दाब. मी नाही म्हटलं. पावसात, चिखल आलेल्या रस्त्यावर टाकी रिकामी असताना मागची चाकं लॉक झाली तर घाटात गाडी आडवी होईल. त्यांनाही ते माहीत होतं. वर्षानुवर्षं टिपर भरूनच उतरताना पाहिलेल्या माणसाला ते आठवायला जरा वेळ लागला, एवढंच. दुसरा, दांडीची लांबी नव्या उंचीप्रमाणे वाढवायची. हे चालण्यासारखं आहे, पण अंदाजाने नाही. तिसरा, पाटा काढायचा. वजन उतरलंच आहे, मग पाट्याची गरज काय?

पाटा काढला. गाडी भरून मोजली, आस ते चॅसी १६.५. वजनकाट्यावर पुढे १४९०, मागे २५६०, एकूण ४०५०. त्यानंतर फोंड्याच्या वाटेवरच्या एका वर्कशॉपमध्ये पुढच्या आणि मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे दांडी जुळवून घेतली. तिथल्या माणसाने विचारलं, इतकी वर्षं काम करतोय, कुणी कॅम्पर घेऊन हे करायला आलं नाही, तुम्हाला कुणी सांगितलं? शाळेच्या बसने, म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

मागे आता ऐट नाही. थोडी बसकी दिसते. ही म्हणाली, "वयाला शोभते."

१० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा चोर्ला. तीच वेळ, तेच गिअर, तीच बंदूक. वजन कमी आहे, त्यामुळे आकड्यांची तुलना अगदी समान नाही, हे धरून चालतो. पण पुढे-मागे वाटणी कशी आहे ते त्यावरून कळेलच.

माथ्यावर निघण्यापूर्वी हिला एक काम दिलं. दर पाच मिनिटांनी मला विचारायचं, पाय कुठे आहे. तिने ते जरा जास्तच मनावर घेतलं. एका वळणावर मागून एक टेम्पो इंजिन बंद करून न्यूट्रलवर सुसाट निघून गेला. डिझेल वाचवतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्युम मिळत नाही. साठलेल्यावर दोन-तीन वेळा पेडल हलकं लागेल, मग दगड. वर स्टिअरिंगही जड. तो खाली केरीला चहा पिताना दिसला, म्हणून हे एवढ्या शांतपणे लिहितोय.

केरीचे आकडे: पुढचं डावं १६८, उजवं १६५. मागचं डावं थांबताच ११८, पाच मिनिटांनी १३६. उजवं १०७ आणि १२२.

मागची चाकं कामाला लागली. पेडल पहिल्या वळणावर होतं तिथेच शेवटच्या वळणावर. अंजुणे धरणाच्या बाजूला गाडी उभी करून, पहिल्यांदाच, आत स्टोव्ह पेटवून चहा केला. पाणी ८० लिटरच आहे म्हणून भांडी घरी येऊन घासली.

राहिलेलं काम: मागचं डावं ड्रम उजव्यापेक्षा १४ अंशांनी जास्त येतंय. हँडब्रेकची केबल त्या बाजूला ओढून राहते का ते बघायचं. ब्रेक ऑइल पुढच्या पावसाळ्यानंतर परत बदलायचं. २१ मेच्या पानावर तांबड्या शाईने एक ओळ लिहिली: पाटा काढला, ४ नोव्हेंबर पाहा.